सायकलची जर्सी कुठली घ्यावी? (पहाटेची थंडी, ताम्हिणीचा पाऊस आणि माझं पोट)

वरणभात
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४३, वजन ८६, पोट वेगळं मोजत नाही. वर्षभर हायब्रिड सायकल चालवली, या दिवाळीत रोड बाइक घेतली. आठवड्यातून दोनदा कोथरूड ते हिंजवडी ऑफिस, रविवारी सिंहगड नाहीतर मुळशी. आत्तापर्यंत सगळं कॉटनच्या टी-शर्टवर भागत होतं. गेल्या रविवारी गडावर पोचेपर्यंत टी-शर्ट पिळून काढावा असा भिजला. वर पिठलं-भाकरी खाल्ली, ताक प्यायलो आणि उतरायला लागलो, तर गोळेवाडी येईपर्यंत दात वाजायला लागले. हँडल धरलेले हात थरथरत होते, ब्रेक नीट दाबला जाईना. घरी बायको म्हणाली, "एवढी महागाची सायकल घेतलीस आणि अंगात कंपनीच्या पिकनिकचा टी-शर्ट."

तर आता जर्सी घ्यायची आहे. जानेवारीत पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायचा विचार आहे आणि जुलैत ताम्हिणी. थंडीची, उन्हाळ्याची, पावसाळ्याची अशी वेगवेगळी लागते का? घट्ट घ्यायची की ढगळ? ऑफिसला आणि बीआरएमला एकच चालेल का? बजेट चार हजार, ताणून पाच.

टायरट्यूब
आमच्या संगमनेरकडं जर्सी म्हणजे गाय. चार हजारांत वासरूसुद्धा यायचं नाही.

दोनचाकी
वरणभात, तुमचे दात का वाजले ते आधी बघू, म्हणजे काय घ्यायचं ते आपोआप कळेल.

चढताना तुमचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. वारा जवळपास नाही आणि अंग भट्टीसारखं पेटलेलं. उतरताना तेच अंग थंड पडलेलं आणि वारा चाळीस-पंचेचाळीसचा. शिवाय गड सुमारे १,३०० मीटरवर आणि पुणे ५६० वर, म्हणजे वर चार-पाच अंश कमीच. अशा वेळी छातीला ओला कॉटन चिकटलेला असला की पुढचं सांगायला नको. कॉटन नुसत्या हवेतूनही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून बसतो. घामात भिजला की धरलेलं पाणी सोडतच नाही. पॉलिस्टरचा हाच आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. तो पाणी पीत नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून कापडभर पसरतो आणि पसरला की लवकर उडतो. जर्सीची करामत एवढीच.

एक लिटर घाम उडून गेला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उडाला तर. टपकून सायकलच्या दांड्यावर पडला तर तो घाम फुकट गेला.

त्यामुळे माझं मत असं की ऋतुवार तीन जर्सी घेऊ नका. एकच चांगली हलकी जर्सी घ्या, अर्ध्या बाह्यांची, पूर्ण लांबीच्या चेनची (म्हणजे झिपची). उरलेल्या पैशांत काढघाल करता येणाऱ्या बाह्यांची एक जोडी आणि वारा अडवणारी पातळ बिनबाह्यांची विंड व्हेस्ट. आपली बंडी म्हणा ना. बंडीची घडी मुठीत मावते, मागच्या खिशात पडून राहते. गडावर पिठलं खाऊन झालं की चढवायची. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला १० अंश असतात आणि दुपारी २७-२८. एवढ्या फरकाला एक कपडा कसा पुरणार? जाड थंडीची जर्सी घेतलीत तर नऊ वाजल्यापासून शिव्या देत फिराल.

पंप_आहे_का
बाकी ठीक, पण फिटिंगचं कुणी बोलतच नाही. सपाटीला तिशीच्या वर गेलात की तुमच्या ताकदीचा मोठा भाग, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, हवा कापण्यातच जातो. त्यात फडफडणारी ढगळ जर्सी म्हणजे पाठीला छत्री बांधून सायकल मारणं. रेस फिटच घ्या. पोट काय, कमी होईल.

टायरट्यूब
पोट कमी होईल या आशेवर घेतलेल्या दोन जर्सी माझ्या कपाटात आहेत. २०१९ पासून.

सावकाश
@पंप_आहे_का, ते २२ च्या सरासरीने चालवतात हो. रेस फिटने त्यांची मिनिटं वाचायची नाहीत, पण दहाव्या किलोमीटरपासून लक्ष पोटाकडे राहील. खालच्या काठाला सिलिकॉनची चिकटपट्टी असते ना, ती पोटाच्या खाली टिकत नाही. गुंडाळी होऊन बेंबीवर येऊन बसते.

वरणभातदादा, क्लब फिट किंवा रिलॅक्स्ड फिट म्हणतात ते बघा. आणि आरशासमोर ताठ उभं राहून ठरवू नका. उभं राहिलं की जर्सी पुढून आखूड वाटते, गळ्यापाशी झोळ येतो. लगेच आपण एक साइझ मोठी उचलतो. ट्रायल रूममध्येच कमरेत वाका, हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा. पुढचा झोळ गेला पाहिजे, मागून कंबर झाकलेली राहिली पाहिजे, काखेत ओढ बसता कामा नये. घट्टपणा इतकाच हवा की कापड अंगाला टेकलेलं राहील. टेकलंच नाही तर दोनचाकींनी सांगितलेला घामाचा प्रवास सुरूच होत नाही. मग पॉलिस्टर असो की आणखी काही, आतून घाम ओघळत राहतो.

खिसे नक्की तपासा. मागे तीन असतात. एकात फोन, एकात दोन केळी, एकात पंप किंवा ट्यूब भरून जागच्या जागी चार उड्या मारा. दुकानदार बघेल, बघू दे. स्वस्तातल्या जर्सीचे खिसे लोंबतात आणि फोन मांडीवर आपटत राहतो.

बीआरएमबद्दल एक सांगते, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०० ला साडेतेरा तास असतात. सकाळी सहाला निघालात तर संध्याकाळी साडेसातपर्यंत वेळ आहे, आणि जानेवारीत सव्वासहाला अंधारायला लागतं. अंधारात पुढे-मागे दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. ते जॅकेट जर्सीवरून घातलं की मागचे तिन्ही खिसे बंद! चिक्की आत, हात बाहेर. माझी पहिली बीआरएम त्यातच गेली. दर वेळी थांबायचं, जॅकेट वर करायचं. आता मी नुसते पट्टे असलेलं वापरते.

जुना_हर्क्युलस
तुम्ही आजची पोरं पॉलिस्टरच्या पुढे जातच नाही. वय ६८, सायकल १९७१ पासून. आमच्या वेळी पुण्यात शाळा, कॉलेज, नोकरी सगळं सायकलवर आणि अंगात रोजचा सदरा. ऊन असो, थंडी असो, तोच. शर्यतीची पोरं तेवढी लोकरीची जर्सी घालत. लोकर उबदार, ओली झाली तरी ऊब सोडत नाही, वासही धरत नाही. पण पावसात भिजली की गुडघ्याला लागायची.

जाता जाता, संगमनेरच्या विनोदाबद्दल. इंग्लिश खाडीत जर्सी नावाचं एक बेट आहे. तिथले लोकरीचे विणलेले सदरे कोळी लोक समुद्रावर घालत, त्यावरून कपड्याला जर्सी म्हणू लागले. आणि ती गायही त्याच बेटावरची. तेव्हा टायरट्यूब यांनी नकळत शास्त्रीय विधान केलेलं आहे.

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी १९१९ ला सुरू झाली. शर्यत भरवणारं 'लोटो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर निघायचं, म्हणून पिवळी. पहिल्यांदा ती घालणारा युजेन ख्रिस्तोफ. लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे म्हणे. इटलीच्या शर्यतीतली गुलाबी जर्सीही तशीच, १९३१ पासून, त्यांच्या क्रीडापत्राच्या गुलाबी कागदावरून. म्हणजे जर्सी आणि पेपर यांचं जुनं नातं आहे.

आता पेपरचा खरा उपयोग सांगतो. बंडी विसरलात तर घाटमाथ्यावरच्या टपरीवरून आदल्या दिवशीचा पेपर मागून घ्या, दोन-चार पानांची घडी करून जर्सीच्या आत छातीवर सरकवा आणि उतरा. युरोपातले मोठमोठे शर्यतवाले डोंगर उतरताना हेच करत आलेत. मी पसरणीचा घाट असाच उतरलोय, एकदा नाही, वीसदा. खाली वाईत पोचल्यावर त्याच पेपरवर भजी.

टायरट्यूब
काका, घामाच्या पेपरवर भजी?

जुना_हर्क्युलस
चव येते.

घामटं
डोंबिवलीहून दंडवत. तुमचं पुणेकरांचं 'घाम उडतो' हे प्रकरण ऐकून हेवा वाटतो. आमच्याकडे उडत नाही!

सोपी तुलना देतो. नागपुरात कूलर चालतो, मुंबईत चालत नाही. कूलरला पाणी उडायला कोरडी हवा लागते, आमच्या हवेत आधीच पाणी भरलेलं. जर्सीचंही तेच. त्यावर 'क्विक ड्राय' लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात पहाटे पाम बीच रोडला तासाभरात ती अंगावर ओल्या पंचासारखी होते. अशा वेळी महाग कापडापेक्षा पातळ कापड आणि जाळी जास्त कामाची. काखेत आणि पाठीला जाळी असलेली घ्या, चेन पूर्ण लांबीची घ्या, थांबाल तेव्हा पूर्ण उघडा. चालू सायकलवर तुमचा पंखा म्हणजे तुमचा वेग. सिग्नलला उभं राहिलं की पंखा बंद. त्यामुळे शहरातून बाहेर पडणं साडेपाचच्या आत, हीच आमची उन्हाळी जर्सी.

आणखी एक जर्सी आणि पंचा पिशवीत ठेवतो. शंभर झाले की बदलतो. त्याच ओल्या जर्सीत पुढे गेलं की काखेत आणि गळ्याच्या शिवणीवर सालटं निघतात.

राजेहो
नागपूरवरून रामराम. कूलरचं उदाहरण एकदम बरोबर दिलं भाऊ. आमच्याकडे मे महिन्यात ४५ आणि हवा अशी कोरडी की घाम आला हे कळतच नाही, आला की उडाला. कपाळावर नुसतं मीठ राहते. म्हणून आमची अडचण तुमच्या उलट. आम्हाला घाम हलवायचा नाही, ऊन अडवायचं हाय.

तर राजेहो, इकडे उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांची जर्सी घाला. लोक हसतात, 'एवढ्या गर्मीत फुल बाही?' म्हणून. पण चामडीवर थेट पडणारं ऊन जास्त भाजते. पांढरी नाहीतर फिक्या रंगाची, यूपीएफ ५० लिहिलेली. ५० म्हणजे पन्नासातला एकच हिस्सा अतिनील किरण आत येते. बारीक पांढऱ्या कॉटनच्या टी-शर्टचा हाच आकडा दहाच्या खाली असते आणि भिजला की आणखी पडते. ऊन पाठीवर पडून काय होते असं वाटत असेल तर जाळीची जर्सी घालून एकदा वर्धा रोडला जाऊन या. घरी पाठीवर जाळीचं छापील डिझाइन घेऊन याल. माझ्या आहे.

एक मात्र सांगतो, हळू चालवत असाल आणि हवा कोरडी असेल तर ओलं कॉटनही वाईट नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं. दोनचाकी भाऊ मानणार नाहीत, पण आमचे जुने लोक ओला दुपट्टा बांधूनच फिरले. मधल्या खिशात एक कांदाही असते आपला. ऊन लागत नाही म्हणतात. लागलं नाही बा आतापर्यंत. कांद्यामुळं की सातच्या आत घरी येतो म्हणून, ते कांद्यालाच माहीत.

दोनचाकी
मानतो, मानतो. कोरड्या हवेत सपाटीला हळू चाललात तर ओलं कॉटन कूलरचंच काम करतं. माझा विरोध घाट उतरताना आहे.

वरणभात
बाप रे, एवढी माहिती! घरात वाचून दाखवतोय. कांद्यावर आईने मान डोलावली.

एक शंका राहिली. ऑफिसमधले सायकलवाले मिळून ग्रुपची जर्सी छापून घेणार आहेत, पाठीवर कंपनीचं नाव, छातीवर चाक. तीच बीआरएमला घातली तर?

धोटा
ह्यावर मी बोलतो, कारण आमचं खातंच ते हाय. मी इचलकरंजीचा. घरचे माग, पण गेली काही वर्षं भाऊ आणि मी स्पोर्ट्सवेअर छापून शिवतो. जर्सीचं कापड मागावरचं नसतंय. ते निटिंगचं, स्वेटरसारखं फाशाफाशांचं, म्हणून ताणलं जातं. मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, ते ताणत नाही.

ग्रुपच्या जर्सीवर जी छपाई असते तिला सब्लिमेशन म्हणतात. आधी कागदावर छापायचं, मग तो कागद कापडावर ठेवून दोनशे अंशाच्या आसपास दाबायचा. शाईची वाफ होऊन ती धाग्याच्या आत शिरते. म्हणून ती खरवडून निघत नाही आणि कापडाची भोकंबी बुजत नाहीत. पण हे पॉलिस्टरवरच जमतं, कॉटनवर नाही. छातीवर रबरासारखा जाड ठसा असेल तर ते सब्लिमेशन नव्हं, त्या ठशाखाली घाम अडकणारच.

आता पोटातली गोष्ट. ग्रुपवाले येतात आणि पहिला प्रश्न, "कितीला पडेल?" दुसरा प्रश्न कोण विचारतच नाही, तो म्हणजे जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. उन्हाळ्याची जर्सी १००-१३० ला येते, बारमाही १४०-१६० ला, आतून ब्रश मारलेलं थंडीचं कापड दोनशेच्या वर. स्वस्तात बसवायचं म्हटलं की छपाईवाला क्रिकेटच्या टी-शर्टचं कापड लावतो. दिसायला सारखंच दिसतंय. ते हवं तेवढं ताणत नाही, खिसे लोंबतात आणि चेन गळ्याला कापते, कारण चेनच्या टोकाला झाकणारी छोटी टोपी असते ती शिवायला वेळ लागतो. ती 'गॅरेज' असली तरच जर्सी घ्या. चेन तिच्यात पार्क होते म्हणून गॅरेज.

म्हणून कंपनीची जर्सी फोटोला घाला, ५० किलोमीटरला घाला. २०० ला पहिल्यांदा घालू नका. आणि साइझचा नमुना अंगावर घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग छापणारा मी का असेना.

सावकाश
धोटाभाऊ, हे शेवटचं वाक्य कोरून ठेवा. आमच्या ग्रुपने एकदा चाळीस जर्सी छापून घेतल्या. बायकांसाठी म्हणून जी आली ती पुरुषांचीच, फक्त गुलाबी आणि दोन साइझ लहान. खांद्यात ढगळ, कमरेखाली इतकी घट्ट की सिलिकॉनची पट्टी वर सरकून पाठ उघडी. बायकांच्या जर्सीला खाली घेर लागतो. एवढी साधी गोष्ट. मी पट्टी उसवून साधं इलॅस्टिक लावून घेतलं, आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींकडून. चाळीस रुपयांत काम झालं.

मुली नेहमी बिबबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी: खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट आरामाची असते, पण वर जर्सी असली की वाटेत थांबायचं म्हणजे सगळंच उतरवायचं. आपल्या हायवेवर आडोसा कुठे? मी साधी शॉर्ट घालते. आणि पांढरी जर्सी पावसाळ्यात घालू नका, का ते समजून घ्या. तंग कपड्यांचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं मी जर्सीवरून सैल कुर्ता घालायचे. टपरीवर सगळे बघतात म्हणून. कुर्ता एकदा मागच्या चाकात गेला, तेव्हापासून बंद. बघणारे आताही बघतात. चहा मात्र आधी मला मिळतो.

कालवाकाठ
नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून. इथे दोन जगं आहेत. ऑफिसला, शाळेला, भाजीला जाणारे रोजच्या कपड्यांत जातात. पाऊस आला की त्यावरून रेनकोट-पँट चढवतात आणि पोचल्यावर खुर्चीला टांगतात. सपाट देश, हळू चालवायची, घाम येतच नाही. वरणभात, तुमच्या ऑफिसच्या आठ-दहा मैलांना... माफ करा, तेरा-सोळा किलोमीटरना (बायको लंडनची, मैलांची सवय लागलीय) जर्सी हवीच असं नाही. अर्थात इथे हिंजवडीचा धूर आणि ऊन नाही.

दुसरं जग रविवारच्या रोड बाइकवाल्यांचं. नोव्हेंबरात पाच-सहा अंश, वारा समोरून. आत जाळीदार बनियनसारखा बेस लेयर, त्यावर आतून ब्रश मारलेली पूर्ण बाह्यांची जर्सी, त्यावर बंडी. निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटलं तर जास्त घातलंय, अर्ध्या तासात आतून भिजणार. हे मला पहिल्या हिवाळ्यात तीनदा भिजून कळलं.

२०१३ च्या मिलान-सान रेमो या इटलीतल्या सायकल शर्यतीला बर्फ पडला होता. तेव्हा बऱ्याच स्पर्धकांनी आपल्या टीमच्या प्रायोजकाची जर्सी सोडून दुसऱ्याच कंपनीची पाऊस झेलणारी घट्ट जर्सी घातली आणि त्यावरचं नाव काळ्या मार्करने खोडलं. थंडीपुढे करारमदार चालत नाहीत.

सावकाश
खरं आहे. २०१९ ला फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइडला गेले होते. १,२०० किलोमीटर, ९० तास. ऑगस्ट म्हणून निर्धास्त. वाटेतल्या ब्रिटनी प्रांतात रात्री पारा एक आकडी. आपल्याकडचे कितीतरी जण पातळ जर्सीत कुडकुडत रस्त्याकडेला बसले होते. मी पायमोजांची दुसरी जोडी हातात घातली होती.

रानवाट
डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे वेग कमी, झुडपं जास्त. करवंदीच्या जाळीत पातळ घट्ट जर्सीची पहिल्याच दिवशी चाळण होते. सैल, जरा जाड, पाऊण बाह्यांची बरी. खिशांऐवजी पाठीवर छोटी सॅक. पण सॅक आली की पाठ भिजणारच, त्यावर औषध नाही.

वरणभात
आणि पावसाळा? ताम्हिणी?

दोनचाकी
पावसाळ्याची चूक सगळेच करतात. महागाचं पाऊस-जॅकेट घेतात. बाहेर २४ अंश, हवा ओलीचिंब, आणि तुम्ही चढावर घामाघूम. जॅकेट पाऊस आत येऊ देत नाही आणि घामही बाहेर जाऊ देत नाही. मुळशीच्या पुढे गेल्यावर आतून जास्त भिजलात की बाहेरून, हे सांगता येत नाही. मी भिजतो. तीच हलकी जर्सी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि घाटमाथ्यावर थांबायच्या आधी, थांबल्यानंतर नव्हे, बंडी.

मावळात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी बायका इरलं घालतात, बघितलंय? बांबूची चौकट आणि पानं, डोक्यापासून पाठीवर, खालून-पुढून सगळं मोकळं. पाऊस वरून अडतो, अंगाची वाफ खालून जाते. ओणवं होऊन काम करणाऱ्यासाठी बनवलेलं, आणि सायकलवर आपणही ओणवेच असतो. हे कळलेलं पाऊस-जॅकेट मला अजून दुकानात दिसलेलं नाही.

मागच्या चाकाला मडगार्ड लावा. नाहीतर पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ, आणि ती लाल माती फिक्या जर्सीतून निघत नाही. रंग पोपटी किंवा नारिंगी फ्लोरोसंट घ्या. ढगाळ दिवसा तो उठून दिसतो, कारण न दिसणारे अतिनील किरण तो दिसणाऱ्या उजेडात बदलतो. रात्री गाडीच्या दिव्यात मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे रिफ्लेक्टिव्ह पट्टीच हवी. आणि ती घोट्यापाशी बांधा. खालीवर होणारे दोन ठिपके दिसले की ट्रकवाल्याला लगेच कळतं, पुढे सायकलवाला आहे.

वरणभात (जानेवारी)
झाली! २०० किमी, तेरा तास दहा मिनिटं.

खरेदी अशी: अर्ध्या बाह्यांची क्लब फिट जर्सी, पोपटी. ट्रायल रूममध्ये केळी नव्हती म्हणून दुकानातल्याच दोन पाण्याच्या बाटल्या खिशात घालून उड्या मारल्या. सेल्समनने मॅनेजरला बोलावलं. बाह्यांची जोडी, बंडी. ४,७०० रुपये झाले.

पहाटे ११ अंश होते. कालवाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे थोडं कुडकुडतच निघालो. बाह्या साडेआठला मनगटापर्यंत खाली ओढल्या, दहाला काढून खिशात. खंबाटकी घाटाच्या उतारावर बंडी. हर्क्युलसकाका, पेपरही घेतला होता, विश्वास म्हणून. परतीला अंधार पडल्यावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट चढवलं आणि शेवटची चिक्की आतच राहिली. सावकाशताई, वाचलं होतं हो, पण तेव्हा आठवलं नाही.

सावकाश
अभिनंदन! चिक्कीचं दुःख समजू शकते.

वरणभात (जुलै)
धागा वर काढतोय. ताम्हिणी झाली, भिजत गेलो, भिजत आलो, मजा आली. आता नवा त्रास. जर्सीला वास येतोय. धुतल्यावर येत नाही, घातल्यावर पाच मिनिटांत येतो.

धोटा
पॉलिस्टरचा स्वभावच हाय तो. तेलकट घाम धरून ठेवतंय आणि त्यात जंतू वाढतात. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य घालताय का मशीनमध्ये? बंद करा. त्याचा थर बसतो, मग घाम पसरत नाही आणि वास आत कोंडतो. धुण्याआधी अर्धा तास गार पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा. चेन लावून, उलटी करून धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री नको. आणि राइडवरून आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका, पावसाळ्यात काळे ठिपके पडतात, ते जायचे नाहीत.

वरणभात
सुगंधी द्रव्य आई घालते. सांगून बघतो.

वरणभात
सांगितलं. आई म्हणाली, एवढा वास येतोय तर टाकून दे, मी ओटा पुसायला घेते. घेतली. दहा मिनिटांनी परत आणून दिली. म्हणाली, "हे कसलं कापड रे, पाणीच पीत नाही." पिकनिकचा टी-शर्ट घेऊन गेली.